शाळेतली मुलांची सुरक्षा आणि घरच्यांना आधार: पालकसभेत नेमकं काय विचारायचं?

भांडुपची_आई

नमस्कार. माझी मुलगी दुसरीत आहे, भांडुपलाच, खासगी अनुदानित शाळेत. यंदा वर्गातल्या पालकांनी मला पालक-शिक्षक संघावर पाठवलंय. येत्या शनिवारी पहिली सभा आहे आणि विषयपत्रिकेवर "विद्यार्थी सुरक्षा" असा एक मुद्दा आहे. शाळेने आधीच परिपत्रक पाठवलंय: प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि गेटवर कॅमेरे बसवले, येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद होते, ओळखपत्राशिवाय पालकांनाही आत सोडत नाहीत. हे सगळं व्हायलाच हवं होतं आणि झालं याचा मला आनंद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोकांनी रेल्वे रोखून धरली, त्यानंतर शासनाने कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी सक्तीची केली. आपल्याकडे मध्य रेल्वेवर राहणाऱ्या कुणालाच तो आठवडा विसरता येणार नाही.

पण माझ्या डोक्यात दुसरंच काही घोळतंय. लेकीला सहज विचारलं, शाळेत कुणाचं वागणं आवडलं नाही, भीती वाटली, तर कुणाला सांगशील? ती म्हणाली, तुला. मी तिथे नसले तर? म्हणाली, घरी येईपर्यंत थांबेन. शाळेत एवढी मोठी माणसं आहेत, वर्गशिक्षिका आहेत, मावशी आहेत, आणि त्यातलं एकही नाव तिच्या तोंडून आलं नाही.

दुसरी गोष्ट आमच्याच मजल्यावरची. शेजारच्या घरात वडिलांची नोकरी गेली. मुलगा पाचवीत आहे, वेगळ्या शाळेत. फी थकली म्हणून त्याला दोन तास ऑफिसबाहेर उभं केलं. आता तो सकाळी पोट दुखतं म्हणून अंथरुणातून उठत नाही. त्याची आई मला म्हणाली, "शाळेत जाऊन काय सांगू? आमच्या घरातलं त्यांना कशाला?" मला वाटतं, घरातलं शाळेला कळायला हवं, पण कळल्यावर त्याचं भलं होईल असा भरवसाही हवा ना.

तर शनिवारी काय विचारू? शिक्षक, वकील, समुपदेशक कुणी इथे असतील तर कृपया लिहा. भावना सगळ्यांच्याच आहेत, मला कामाचं हवंय.

खडूफळा

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, एम पूर्व विभागात. दोन अधिवेशनांची शाळा आहे, दुपारची मुलं गेटवर आली की सकाळची बाहेर पडतात.

तुमच्या लेकीने जे उत्तर दिलं तेच बहुतेक मुलं देतात. मूल सरळ येऊन सांगतं असं फार कमी वेळा होतं. ते वागण्यातून सांगतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती (तपशील बदलून लिहितेय). अभ्यासात बरी. अचानक घंटा झाली की दप्तर भरायला सगळ्यात जास्त वेळ लावायला लागली. कंपासपेटीतल्या पेन्सिली बाहेर काढायची, परत भरायची. मग, "बाई, फळा पुसू का?" मग, "बाई, मी तुमच्याबरोबर स्टाफरूममध्ये थांबू का?" वहीवर शेरा मारण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त तिला घरी जायचं नव्हतं.

मी तिला एवढंच म्हटलं की आज माझ्याबरोबर थांब, आपण तक्ते लावू. तक्ते लावताना, माझ्याकडे न बघता, तिने सांगितलं. मी तिला "खरं का?" विचारलं नाही, "आधी का नाही सांगितलंस?" तर मुळीच नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हटलं. "कुणाला सांगू नका" म्हणाली, तेव्हा मात्र खोटं वचन दिलं नाही. म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.

मग कागद घेऊन तिचेच शब्द तसेच्या तसे लिहिले. तारीख, वेळ, सही. आमच्या मुख्याध्यापिकांनी तिला परत बोलावून विचारलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. नाहीतर काय होतं, वर्गशिक्षिका विचारते, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग विश्वस्त, आणि चौथ्यांदा सांगताना मूल गोंधळतं किंवा गप्प होतं. मग मोठी माणसं म्हणतात, बघा, सांगण्यात फरक पडतोय.

त्याच दिवशी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि पोलीस ठाण्यात कळवलं.

म्हणून ताई, शनिवारी पहिला प्रश्न हा विचारा: मुलाने काही सांगितलं तर ते ऐकून घेणारी व्यक्ती कोण, तिचं नाव काय, आणि ऐकल्यावर पुढच्या काही तासांत ती काय करते? नावासकट उत्तर आलं पाहिजे. "आम्ही सगळेच लक्ष देतो" हे उत्तर घेऊ नका.

गिरगावचा_वकील

खडूफळा यांनी केलं ते कायद्यालाही धरून आहे. थोडी कायद्याची बाजू, कारण सभेत "आम्ही आधी अंतर्गत चौकशी करतो" हे वाक्य हमखास येतं.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी भीती वाटते, त्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक, शिपाई, व्हॅनचालक, शेजारी, सगळे आले. खात्री करून मग कळवा असं कायदा म्हणत नाही. खात्री करणं तपास यंत्रणेचं काम. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावर याच कारणाने गुन्हा नोंदवला गेला होता. शाळेची बदनामी होईल म्हणून गप्प बसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे विश्वस्तांना एकदा शांतपणे सांगा.

पालकांना पोलीस ठाण्याची धास्ती असते, ती समजण्यासारखी आहे. पण जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षक दर्जाच्या खालच्या नाही, आणि गणवेशात नाही. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी सरकारी समिती) कळवायचं असतं. समिती मुलासोबत एक सहायक व्यक्ती नेमू शकते, जी खटला संपेपर्यंत कुटुंबाला काय चाललंय ते समजावून सांगते. ही व्यक्ती मिळते हे बऱ्याच कुटुंबांना कुणी सांगतच नाही. मागा.

राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिच्यातून पीडित मुलांना अर्थसाहाय्य मिळतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

ठाण्याचा_बाबा

सगळं पटतंय, पण एक शंका आहे आणि ती विचारलीच पाहिजे असं वाटतं. माझा भाऊ शिक्षक आहे, मुलुंडला, अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतो. हल्ली तो पडलेल्या मुलाला उचलायलाही कचरतो. मुलगी रडत असेल तर बाईंना बोलावून आणतो, तोवर ती रडतच राहते. प्रत्येक गोष्ट पोलिसांकडे न्यायची म्हटलं तर चांगली माणसं शिक्षकी पेशात टिकतील का? आणि एखाद्याने आकसाने खोटं सांगितलं तर? त्या माणसाचं आयुष्यच संपतं.

गिरगावचा_वकील

शंका रास्त आहे. कायद्यात उत्तर आहे, अर्धं तरी. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलंय. जाणूनबुजून, छळण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला कलम २२ खाली शिक्षा आहे. मुलाला मात्र शिक्षा नाही, आणि तेच योग्य आहे. उरलेलं अर्धं उत्तर शाळेने द्यायचं, कारण शिक्षकाने वागायचं कसं याचे नियम कायदा लिहून देत नाही.

खडूफळा

ठाण्याचा_बाबा, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं, कारण असे शिक्षक मला माहीत आहेत. पण ही भीती नियमांमुळे आलेली नाही, नियम नसल्यामुळे आली आहे. आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी लेखी आचारसंहिता आहे. पडलेल्या मुलाला उचलायचं, जखम धुवायची, सगळ्यांसमोर, आणि वहीत नोंद करायची. बंद दाराआड एकट्या मुलाला शिकवायचं नाही. मुलांना स्वतःच्या मोबाईलवरून खासगी निरोप पाठवायचे नाहीत. शिपाई असो की मुख्याध्यापक, सगळ्यांना तेच. नियम असा स्पष्ट लिहिलेला असला की चांगल्या शिक्षकाला मोकळं वाटतं आणि वाईट हेतूच्या माणसाला जागा उरत नाही. तुमच्या भावाने शाळेत अशी संहिता मागावी. शिक्षकांनीच मागितली तर व्यवस्थापन लवकर ऐकतं.

चाळीतली_मावशी

आमच्या इथल्या एका शाळेत गेल्या वर्षी असंच झालं होतं. पाचवीतली मुलगी, (मजकूर संपादित)

संचालक_मंडळ

मावशी, तुमचा प्रतिसाद संपादित केला आहे, राग मानू नका. शाळा, इयत्ता, इमारत आणि आईच्या नोकरीचं ठिकाण एकत्र लिहिलं की नाव न घेताही मुलगी ओळखू येते. पीडित मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापायला पोक्सोच्या कलम २३ ने मनाई आहे आणि ती आपल्यालाही लागू आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हेच लागू आहे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

चाळीतली_मावशी

बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. फक्त एवढं लिहिते, त्या मुलीला सगळ्यात जास्त त्रास त्या ग्रुपचाच झाला. दोन दिवसांत तिचा फोटो फिरत होता, "काळजी वाटते म्हणून" पाठवलेला. शेवटी त्यांनी जागा बदलली.

समुपदेशिका_दादर

मी दोन शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. आधी एक आकडा, कारण "आमच्या मुलग्यांना कसला धोका" असं सभेत कुणीतरी म्हणतंच. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी एक किंवा अधिक प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला, आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांत मुलाच्या ओळखीतली, विश्वासातली माणसं मोठ्या संख्येने होती, आणि बहुतेक मुलांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. गेटवरची वही अनोळखी माणसाला अडवते. ओळखीच्या माणसाबद्दल मूल बोलू शकेल, ही सोय वहीने होत नाही.

म्हणून वैयक्तिक सुरक्षेचे तास हवेत. शरीराच्या अवयवांची खरी नावं, सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श, कोणतं गुपित ठेवायचं आणि कोणतं नाही, "नाही" म्हणून निघून जाणं आणि विश्वासाच्या माणसाला सांगणं. मुंबईत अर्पण ही संस्था हेच काम करते. पोलिसांचा "पोलीस दीदी" उपक्रमही शाळांतून झाला आहे. पण पाहुणे एक दिवस येऊन बोलून जातात. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मनात प्रश्न आला तर तो झेलायला शाळेतलंच माणूस लागतं.

आता भांडुपची_आई यांनी शेवटी लिहिलेला मुद्दा, घरचा. त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण सुरक्षा म्हटलं की सगळे अत्याचारापाशी थांबतात आणि माझ्या टेबलावर रोज येतं ते घर. वडिलांची नोकरी, दारू, आईला होणारी मारहाण, आजोबांचं आजारपण, एका खोलीत सहा माणसं आणि दहावीचा अभ्यास, पुनर्विकासात भाड्याच्या जागेत गेलेलं कुटुंब आणि त्यामुळे रोज दीड तासाचा लोकल-बस प्रवास करणारं मूल.

एका मुलाला माझ्याकडे "आक्रमक" म्हणून पाठवलं होतं. सातवीतला. डबा खाताना शेजारच्याला ढकललं, पट्टी फेकली वगैरे. आईला बोलावलं तर ती मधल्या सुट्टीत गेटच्या बाहेर येऊन थांबली, आत यायला तयार नाही. मी बाहेर गेले. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज, पदर गळ्याभोवती घट्ट. माझ्याशी बोलताना तिची नजर सारखी रस्त्याकडे. मी मुलाबद्दल एक अक्षरही काढलं नाही. म्हटलं, "तुम्ही जेवलात का?" पाचएक मिनिटांनी ती बोलायला लागली.

तिला मी "दिलासा" केंद्राचा पत्ता दिला. हे फार लोकांना माहीत नाही म्हणून लिहिते. घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी महापालिकेने सेहत या संस्थेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा सुरू केलं, नंतर महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही केंद्रं झाली. रुग्णालयात असल्याचा फायदा हा की बाई घरी "डॉक्टरकडे जाऊन येते" असं सांगून निघू शकते. त्या आईला शाळेच्या दारात हे कळलं. वकिलाकडे किंवा पोलिसांकडे ती आपणहून गेली नसती. पण मुलाला सोडायला ती रोज शाळेच्या गेटवर येत होती, दिवसातून दोनदा. शाळेइतकं नियमित त्या कुटुंबाला दुसरं कुणीच भेटत नव्हतं. माझं सगळं म्हणणं यातच आलं.

मुलगा नंतर लगेच शहाण्यासारखा वागायला लागला असं नाही. पण त्याच्या वर्गशिक्षिकेला मी, आईच्या परवानगीने, फक्त एवढं सांगितलं की घरी कठीण दिवस आहेत. तपशील दिला नाही. तिने त्याला खिडकीजवळची जागा दिली आणि सगळ्यांसमोर ओरडणं बंद केलं.

पश्चिमेचा_प्रवासी

वाचून डोळे उघडले. समुपदेशिका_दादर, घरी पैशाची अडचण असेल तर शाळा काय करू शकते? आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीचे वडील, म्हणजे वॉचमनच, करोनात गेले. आई धुणीभांडी करते.

समुपदेशिका_दादर

त्यांनी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरलाय का ते आजच विचारा. आई किंवा वडील गेले असतील, दोघंही नसतील, पालक गंभीर आजारी असतील, तर अशा मुलांसाठी ही राज्याची योजना आहे, २०२३ पासून महिना २,२५० रुपये. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज होतो. शाळेचा बोनाफाईड दाखला लागतो, म्हणजे वर्गशिक्षिकेला अशी मुलं कोण हे माहीत असायला हवं आणि दाखला मागायला त्या आईला चार खेपा घालायला लागू नयेत. शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कला या योजनेचं नाव माहीत असणं, हाही कुटुंबाला आधारच.

मन:स्वास्थ्यासाठी टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आईवडिलांनी स्वतःसाठीही फोन करावा. केईएम, सायन, नायर इथे मानसोपचार विभाग आहेत आणि खर्च परवडणारा आहे. मुलाला तिथे न्या म्हटलं की पालक बिचकतात, "वेडा आहे का आमचा?" म्हणतात. म्हणून नुसती चिठ्ठी देऊ नये. शक्य तिथे पहिल्या खेपेला मी बरोबर जाते.

गिरगावचा_वकील

फीवरून बाहेर उभं करण्याबद्दल राहिलं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही. कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. फीचं देणं पालकांचं आहे, ते पालकांकडे लेखी मागावं. तुमच्या शेजाऱ्यांनी मुख्याध्यापकांना पत्र देऊन पोच घ्यावी, पंधरवड्यात उत्तर नाही आलं तर शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात. मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी तीन कार्यालयं आहेत. महापालिकेची शाळा असेल तर विभागाच्या शिक्षण कार्यालयात. पत्रात हप्ते बांधून मागावेत आणि मुलाला वर्गात बसू द्यावं हे वेगळ्या परिच्छेदात लिहावं. दोन्ही गोष्टी एका वाक्यात घातल्या की उत्तर फक्त हप्त्यांवर येतं.

व्हॅनवाला_बाप

मंडळी, सगळं शाळेच्या आतलं चाललंय, मूल दिवसातला तासभर व्हॅनमध्ये असतं त्याचं काय? आमच्या कांदिवलीला एका व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात ते मी रोज बघतो. राज्याने स्कूल बससाठी २०११ मध्ये नियम केले: परवाना, वेगमर्यादा यंत्र, मुलींसाठी महिला मदतनीस, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती, तिच्यात पालकही. शाळा म्हणते, "व्हॅन तुम्ही ठरवलीत, आमचा संबंध नाही." मग आम्ही काही पालकांनी मिळून चालकाचा परवाना, वाहनाची फिटनेस आणि पोलीस पडताळणीचे कागद मागून घेतले आणि त्याच्या प्रती शाळेत दिल्या. तो माणूस चांगला आहे, त्याने हसत दिले. शेवटी उतरणारं मूल एकटं राहतं, तिथे खरी काळजी. आम्ही फेरीचा क्रम असा बदलायला लावला की शेवटच्या थांब्यावर दोन भावंडं उतरतात.

भांडुपची_आई, शनिवारी परिवहन समितीत कोण आहे तेवढं विचाराच.

ठाण्याचा_बाबा

+१. आणि मुलांच्या सुरक्षेसाठी असते ती सखी सावित्री समिती? आमच्या शाळेत फलक आहे भिंतीवर, नावं जुनी. त्यातल्या एक बाई निवृत्त झाल्यात.

खडूफळा

मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायलाच हवी. महिला पालक, शिक्षिका, विद्यार्थी प्रतिनिधी असतात तिच्यात. शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे, हे विचारा. तक्रारपेटीचंही तेच, किल्ली कुणाकडे आणि उघडताना कोण हजर असतं? पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर, बरोबर कॅमेऱ्याखाली टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी कोण टाकणार? आमची पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वळणावर हलवली आणि चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक नळाला पाणी नसल्याच्या होत्या. पाणी सुरू केलं. त्याशिवाय पुढच्या, जड चिठ्ठ्या आल्या नसत्या असं माझं ठाम मत आहे.

समुपदेशिका_दादर

अगदी. आणि समुपदेशक आहे का, किती दिवस येते, हेही विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा असं आहे. "आमच्या पी.टी. च्या सरांनी कोर्स केलाय" हे चालवून घेऊ नका.

भांडुपची_आई

सभा झाली. उशीर झाला लिहायला, पण सविस्तर लिहिते.

मुख्याध्यापिका ऐकून घेणाऱ्या निघाल्या. "कोणाला सांगायचं" हा प्रश्न विचारल्यावर पहिलं उत्तर "आम्ही सगळेच" असंच आलं. मी म्हटलं, नाव सांगा. थोडी चुळबुळ झाली. मग प्राथमिकच्या एक बाई स्वतःहून उभ्या राहिल्या, मुलांच्या लाडक्या आहेत. त्यांचं आणि माध्यमिकच्या एका सरांचं नाव ठरलं. सरांचं नाव मुद्दाम, कारण मुलग्यांना पुष्कळदा पुरुषाशी बोलायला सोपं जातं असं एका वडिलांनी सांगितलं. दोघांचे फोटो प्रत्येक वर्गात लागतील आणि परिपाठाला ते स्वतः येऊन ओळख करून देतील. दोघांना प्रशिक्षण द्यायचं शाळेने कबूल केलं, कुणाकडून ते ठरायचंय. मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही आणि त्याचे शब्द लिहून ठेवायचे, हे इतिवृत्तात आलं.

अंतर्गत चौकशीचा विषय निघाला तसा एक विश्वस्त म्हणाले, शाळेचं नाव पन्नास वर्षांचं आहे. मी पोक्सोचं कलम २१ वाचून दाखवलं, जसं वकील साहेबांनी लिहिलंय तसं. ते गप्प झाले नाहीत, त्यांनी वाद घातला. पण मुख्याध्यापिकांनी सांगितलं की पोलिसांना मी कळवणार, विश्वस्तांना त्यानंतर. तेही इतिवृत्तात घ्यायला लावलं.

सखी सावित्री समिती कागदावर होती. नव्याने होणार, तिच्यावर दोन महिला पालक येत आहेत, त्यातली एक मी. तक्रारपेटी हलवणार.

समुपदेशकाचं जमलं नाही. "मंजूर पद नाही, पैसे नाहीत," असं उत्तर मिळालं. पालकांनी वर्गणी काढायची का यावर सभेत दोन तट पडले. मला स्वतःला वर्गणी पटत नाही, कारण ज्यांच्या घरी नोकरी गेलीय त्यांच्याकडूनही मग मागणार. समाजकार्याच्या महाविद्यालयातले विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी येऊ शकतील का ते शोधतोय. समुपदेशिका_दादर, तुम्हाला याबद्दल माहिती असेल तर सांगा. नियमित समुपदेशकाची जागा ते भरून काढणार नाहीत हे मला कळतंय.

परिवहन समितीवर "नंतर बोलू" झालं. व्हॅनवाला_बाप, तुमची कागदांच्या प्रतींची युक्ती मी आमच्या व्हॅनवाल्या काकांवर सोमवारी करून बघतेय.

शेजारच्या मुलाचं: त्याच्या आईबरोबर मी त्यांच्या शाळेत गेले. पत्र दिलं, पोच घेतली, हप्ते मिळाले. मुलगा अजून रोज जात नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस जातो. त्याच्या वर्गशिक्षिका त्याला फोनवर गृहपाठ सांगतात. वडिलांना टेलीमानसचा नंबर दिलाय, त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलाय, फोन केला की नाही ते मी विचारलेलं नाही.

समुपदेशिका_दादर

क्षेत्रकार्याचे विद्यार्थी साधारण आठवड्यातून दोन दिवस येतात, आणि त्यांच्यावर देखरेख करणारं अनुभवी माणूस असल्याशिवाय त्यांना मुलांसोबत एकटं बसवू नका. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, मरीन लाईन्सला निर्मला निकेतन आहे, दोन्हीकडे क्षेत्रकार्य विभागाला मुख्याध्यापिकांच्या सहीचं पत्र जावं लागेल. नवीन वर्षाच्या जागा लवकर ठरतात, तेव्हा पत्र याच महिन्यात द्या. मसुदा हवा असेल तर मी करून देते.

भांडुपची_आई

हवाच आहे. मुख्याध्यापिका बुधवारी भेटतात, त्याआधी मिळाला तर सही घेऊन येते. इतर कुणाला आपल्या शाळेसाठी तोच मसुदा हवा असेल तर इथेच लिहा, म्हणजे समुपदेशिका_दादर यांना प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवावा लागणार नाही.